परसातलं वेखंड आणि त्याचा विलायती तोतया

आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांमध्ये एक प्रश्न वरचेवर असतो. पाणथळ जागी वाढणारा, पिवळ्या फुलांचा रानटी आयरिस चित्रात बघितला, तो सातारा-सांगलीकडच्या बागेत लावता येईल का? उत्तर आधीच देऊन टाकतो. आयरिसच्या नादी लागू नका, वेखंड लावा. आता कारणं बघू.

हा पिवळा आयरिस मूळचा युरोप आणि त्याच्या आसपासचा, थंडीला सरावलेला. आपल्या उन्हात तो तगला तरी फुलेलच याचा भरवसा नाही. आणि जिथे तगतो तिथे आवरत नाही. त्याचं बी पाण्यावर तरंगत जातं. उत्तर अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्ये तो नदीकाठचं उपद्रवी तण ठरलेला आहे. आपल्या ओढ्यांचं पाणी शेवटी कृष्णा-वारणेला मिळतं, हे लक्षात ठेवायला हवं.

गंमत त्याच्या नावात आहे. लिनियसने 1753 साली त्याला जातिवाचक नाव दिलं 'स्यूडॅकोरस', म्हणजे खोटा अकोरस. आणि अकोरस म्हणजे आपलं वेखंड! पेशवाईत भाऊसाहेबांचा तोतया निघाला, तसा हा वेखंडाचा तोतया. दोघांची पानं तलवारीसारखी, दोघांना चिखल प्रिय, दोघांचा कंद जमिनीत आडवा सरकत जाणारा. आमच्या न्यायशास्त्रात लक्षण नको तिथे लागू पडलं की त्याला अतिव्याप्ती म्हणतात. 'तलवारीसारखं पान आणि पाण्याची आवड' हे वेखंडाचं लक्षण केलं, तर ते आयरिसलाही लागू होतं. मग पान चुरगळून बघायचं. वेखंडाच्या पानाला उग्र, मसालेदार वास येतो, आयरिसच्या पानाला तो नाही. वनस्पतिशास्त्र तर आणखी पुढे जातं. वेखंड हे आयरिसच्या कुळातलं नाहीच. एकदल वनस्पतींपासून सगळ्यांत आधी वेगळी झालेली शाखा ती हीच. म्हणजे साम्य आहे ते दिसण्यापुरतं.

काही जण म्हणतात, मग कासवरून काही आणू का? अजिबात नाही. कास पठारावर वायतुरा आहे, पाण्यातून वर येणारा, दोन फाट्यांचा तुरा. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. जांभ्यावरच्या उथळ पाण्यात, विशिष्ट पावसात तो जगतो. त्याचा कंद कुंडीत आणणं म्हणजे त्याला मारणं आणि पठारावरून एक कमी करणं. पश्चिम घाटाबरोबर कासला 2012 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तो काही आपल्या कुंड्या भरायला नव्हे.

वेखंडाची लागवड सोपी आहे. रोपवाटिकेतून किंवा कुणाच्या परसातून कंद घ्या, रानातून नको. डोळा असलेला बोटभर तुकडा जूनमध्ये, पाऊस जमला की, चारेक सेंटीमीटर खोल आडवा लावायचा. दोन तुकड्यांत फूटभर अंतर ठेवा. सांगलीची काळी, चिकट माती त्याला मानवते. साताऱ्याच्या मुरमाड जमिनीत शेणखत आणि गाळ घालावा लागेल. बिनभोकाचं घमेलं किंवा फुटका टबही चालतो. फक्त पाणी उघडं साचू देऊ नका, माती चिखलासारखी ठेवा. नाहीतर डास होतात. कडक उन्हाळ्यात दुपारची सावली द्या. फुलाची मात्र आशा नको. हिरवट-पिवळं, बोटासारखं कणीस येतं, तेही क्वचित.

पाण्याचा प्रश्न टाळता येत नाही. शिराळा, पाटण, जावळीला हे झाड खुशाल लावा. माण, खटाव, जत, आटपाडीत जिथे टँकरची वाट बघावी लागते, तिथे पिण्याचं पाणी या हौशीला घालणं आम्हाला पटत नाही. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी एका घमेल्याला पुरतं. तेवढंच लावावं.

शेवटी औषधाचं. बाळगुटीत वेखंड उगाळून देण्याची आपली जुनी रीत आहे. पण आपल्याकडच्या वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचं द्रव्य भरपूर असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते घातक ठरल्यामुळे अमेरिकेत 1968 साली खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी आली. परंपरेचा आदर राखूनही आम्ही म्हणतो, की घरच्या कुंडीतलं वेखंड तान्ह्या बाळाच्या पोटात घालू नका. आधी डॉक्टरांना विचारा. आयुर्वेदातसुद्धा ते शोधन करून घ्यायला सांगतात.

मग घरचं वेखंड कशाला? वर्षभरानं पानं पिवळी पडू लागली की कंद काढा, डोळ्याचे तुकडे पुन्हा लावायला ठेवा, उरलेले कापून वाळवा. फडक्यात बांधून कपड्यांत, जुन्या पोथ्यांत ठेवले की कसर लागत नाही. आमच्या कपाटातल्या पुस्तकांना तो वास आहे, आणि वास कमी झाला की पुरचुंडी बदलतो.