सूर्य बुडाल्यावर लगेच निघू नका

महाबळेश्वरच्या बॉम्बे पॉइंटवर रोज संध्याकाळी तेच घडतं. सूर्याची शेवटची कड दिसेनाशी झाली की टाळ्या, शिट्ट्या आणि लगेच पार्किंगकडे धाव. तोवर कणीस खात गर्दीत उभं राहिलं, तर सूर्यास्ताविषयीचं बरंच ज्ञान फुकटात कानावर पडतं. त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

सगळ्यांत लाडकं वाक्य म्हणजे, "प्रदूषण जितकं जास्त, तितके रंग भारी!" या रंगांना धूळ लागतच नाही. हवेच्या रेणूंवर आदळून प्रकाश विखुरतो आणि त्यात निळा प्रकाश तांबड्याच्या चौपट-पाचपट विखुरतो. हा लॉर्ड रॅलेचा नियम. माथ्यावरच्या सूर्याच्या किरणांना जितकी हवा पार करावी लागते, त्याच्या सुमारे ३८ पट हवा क्षितिजावरच्या सूर्याचे किरण कापून येतात. एवढ्या वाटेत निळा गळून जातो आणि नारिंगी-तांबडा तेवढा उरतो. धूर-धुळीचे जाडसर कण मात्र सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात आणि आभाळ मळकट करतात. हिवाळ्यातल्या धुरकट संध्याकाळी मुंबईत सूर्य समुद्राला टेकण्याआधीच राखाडी पट्ट्यात विरून जातो, तो यामुळेच. बारीक कणांमुळे बिंब जास्त लालबुंद दिसतं, हे खरं. पण बिंब लाल होणं वेगळं आणि आभाळ रंगणं वेगळं. आभाळ रंगतं ते पाऊस सरल्यावर, धुतलेल्या हवेत, तेही उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग असले तर.

ज्वालामुखीचं प्रकरण निराळं. २७ ऑगस्ट १८८३ रोजी इंडोनेशियातल्या क्राकाटोआचा महास्फोट झाला आणि पुढे कित्येक महिने जगभर संध्याकाळी पेटल्यासारख्या दिसत होत्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीत तर आग लागली असं समजून बंब बाहेर काढले होते! ती करामत गंधकाम्लाच्या सूक्ष्म थेंबांची. ते धुरक्याच्या कितीतरी वर, स्थितांबरात तरंगत होते. आपल्या गाड्यांच्या धुराला ही सर येणार नाही.

"हवा भिंगासारखं काम करते, म्हणून बिंब मोठं दिसतं," हेही नेहमीचंच. प्रत्यक्षात मोठं काहीच होत नाही. तो आपल्या मेंदूचा खेळ आहे. खात्री करायची तर उगवत्या चंद्राचा आणि मग माथ्यावरच्या चंद्राचा फोटो एकाच झूमवर काढा. उलट हवा बिंबाला चेपते. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, त्यामुळे मावळता सूर्य उभा मोजला तर आडव्यापेक्षा साधारण एक षष्ठांशाने कमी भरतो.

या उचलण्यातच खरी गंमत आहे. क्षितिजापाशी हवा किरणांना सुमारे ३४ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वाकवते आणि सूर्याचा व्यास असतो ३२ कला. म्हणजे "तो बघ, टेकला!" असं आपण म्हणतो, तेव्हा भूमितीच्या हिशेबाने अख्खा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. यावर गर्दीतला एखादा हुशार हमखास म्हणतो, "प्रकाश यायला आठ मिनिटं लागतात ना, म्हणजे तो आठ मिनिटांपूर्वीच मावळला." इथे मात्र घोळ होतो. मावळताना सूर्य कुठे जात नाही. आपण उभे असलेली जमीन वळते. किरण तर आधीच वाटेत असतात.

आणि सर्वांत लवकरचा सूर्यास्त २२ डिसेंबरला नसतो. दिवस तेव्हा सर्वांत लहान असतो. पण मुंबईत सूर्य सर्वांत लवकर, सहाच्या सुमारास, मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस. २२ डिसेंबरला तोच सातेक मिनिटं उशिरा जातो.

राहिली ती पार्किंगकडची धाव. जमिनीवर ऊन संपलं तरी उंचावरच्या ढगांवर ते आणखी दहा-पंधरा मिनिटं खालून पडत असतं. सर्वांत गडद गुलाबी नेमका तेव्हाच येतो आणि तोवर निम्मे लोक गाडी रिव्हर्स घेत असतात. निदान परतताना एखादी मोकळी जागा दिसली, तर थांबून पाठीमागे, पूर्वेकडे बघा. आभाळ स्वच्छ असेल तर क्षितिजालगत निळसर-करडी पट्टी दिसेल आणि तिच्यावर फिका गुलाबी पट्टा. ती करडी पट्टी म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची सावली. बघता बघता ती वर चढते, गुलाबी रंग पुसते आणि अंधारात मिसळून जाते.