चहाचा मळा नसलेल्या डोंगरवाटेवर

दुकानाची साप्ताहिक सुटी जोडून दोन दिवस मोटारसायकलवर निघावे आणि डोंगरउतारावरचे चहाचे मळे पाहून यावे, अशी इच्छा नाशिकच्या व्यापारी घरांतील तरुण हल्ली वरचेवर बोलून दाखवतात. इच्छा गैर नाही. ज्या घरात पिढ्यानपिढ्या चहाची पोती उतरली आणि तळहातावर दाणा चोळून माल पारखला गेला, त्या घरात चहाचे झुडूप मात्र बहुधा कोणी पाहिलेले नसते. अडचण अंतराची आहे. निलगिरी नाशिकपासून हजार किलोमीटरहून दूर, आसाम त्याहूनही लांब; शनिवारी निघून रविवारी गल्ल्यापाशी परतणाऱ्याला तो बेत जमणारा नाही.

मग सह्याद्रीत चहा का नाही, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उंची आहे, उतार आहे, धुकेही आहे. उणीव आहे ती पावसाच्या वाटणीत. चहाच्या झुडपाला आम्ल माती लागते आणि वर्षातील बहुतेक महिने मुळाशी ओल लागते. निलगिरीला नैऋत्य मोसमी पावसानंतर ऑक्टोबरपासून परतीच्या पावसाचा दुसरा हप्ता मिळतो. आसामात मार्च-एप्रिलपासूनच सरी सुरू होतात. नाशिकचा डोंगर चार महिन्यांत सारी ठेव एकदम घेतो आणि पुढील आठ महिने कोरडा राहतो. म्हणून आपला चहा आसामातून येतो, तोही बहुतांशी सीटीसी पद्धतीचा दाणेदार. ही पद्धत १९३० च्या दशकात आसामातच निघाली. चहाचा जाहीर लिलाव तर कोलकात्यात १८६१ सालीच सुरू झाला होता. पेठेतील दुकान हा या लांब साखळीचा शेवटचा दुवा.

तथापि माल जिथे पिकतो ती जमीन पाहायची, हाच हेतू असेल तर नाशिकहून उत्तरेला अवघ्या ऐंशी किलोमीटरवर तशी एक डोंगरवाट आहे. दिंडोरी, वणी, बोरगाव, हातगड आणि सीमेपलीकडे सापुतारा. रस्ता शहर सोडतो तो म्हसरूळवरून, म्हणजे सिद्धक्षेत्र गजपंथाच्या पायथ्याशी. दर्शन करून निघणाऱ्यांना वेगळी वाट वाकडी करावी लागत नाही. दिंडोरीपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. वणी मागे पडले की सातमाळा रांगेची शिखरे जवळ येतात, बागा विरळ होतात, आणि बोरगावच्या आसपास सुरगाणा तालुक्यात रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीचे लाल डबे मांडलेले दिसू लागतात. डिसेंबर ते मार्च हा त्यांचा हंगाम.

सुरगाणा हा आदिवासी तालुका. नार, पार या नद्या याच डोंगरांत उगम पावतात आणि पाणी घेऊन पश्चिमेला गुजरातकडे उतरतात. भात आणि नागली निघाली की पावसावरच्या शेतीचे वर्ष संपले. त्यानंतर कोकणा, वारली आणि महादेव कोळी कुटुंबे मुलाबाळांसह दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. छाटणी, विरळणी, काढणी हे सारे त्यांच्याच हातांनी होते. घराला कुलूप, मुलांची शाळा अर्धवट. नोव्हेंबर-डिसेंबर २०२२ मध्ये या सीमेवरील काही गावांनी सोयींच्या अभावाला कंटाळून गुजरातेत सामील होण्याची मागणी केली, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. हातगड ओलांडून सापुताऱ्यात शिरणाऱ्या दुचाकीस्वाराला त्या मागणीचे कारण विचारावे लागत नाही. तलाव, बगिचे, रुंद रस्ते असे सजवलेले गिरिस्थान काही मिनिटांतच समोर येते.

या पार्श्वभूमीवर स्ट्रॉबेरीचा लहानसा वाफा पाहावा. ज्याच्या विहिरीत किंवा नाल्यात हिवाळाभर पुरेल एवढे पाणी आहे, त्याला तो वाफा गावातच चार महिने काम देतो. हिशेब मात्र सोपा नाही. रोपे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावायची, ती बहुधा महाबळेश्वर-वाई भागातून विकत आणायची. वर आच्छादनाचा प्लॅस्टिक कागद, ठिबकच्या नळ्या, खत. सारा खर्च आधी आणि रोख. येणे मात्र तीन महिन्यांनी. कोणत्याही कर्ज अधिकाऱ्याच्या भाषेत हे जोखमीचे खाते ठरेल, कारण तारण टिकाऊ नाही. पिकलेले फळ शीतगृहाविना दोन दिवसांवर राहत नाही. मोठ्या बाजारात पाठवावे तर वाहतूक, अडत आणि नासाडी. रस्त्याकडेला विकावे तर शनिवार-रविवारच्या गाड्यांची वाट पाहावी लागते. सकाळी भाव असतो, सायंकाळी उरलेल्या डब्यांना नसतो.

येथे व्यापारी घरातील तरुणाची जन्मजात सवय आड येते. घासाघीस करण्यात गैर काही नाही, व्यापारच तो. परंतु साडेपाच वाजता मावळतीकडे पाहत अर्ध्या किमतीला डबा मागणे आणि सकाळी माल निवडून रास्त दराने घेणे, यांतला फरक ज्याला पेठेत कळतो त्याला तो बोरगावलाही कळायला हवा. स्ट्रॉबेरी बहुबीज मानून काही घरांत वर्ज्य असते, हेही खरे. अशांसाठी नागलीचे पीठ आहे, आणि बांधावरचा गवती चहा आहे. डोंगरातल्या टपरीवर तो दुधाच्या चहात घालून उकळतात. चहाच्या मळ्याची हौस असलेल्यांनी निदान हा एक ‘चहा’ उगवताना पाहून घ्यावा.

प्रवासाची शिस्त हा मुद्दा मात्र घरातील वडीलधाऱ्यांनी आग्रहाने लावून धरावा. घाट अवघड वळणांचा आहे; फेब्रुवारी २०२५ मध्ये यात्रेकरूंची एक बस पहाटेच्या अंधारात सापुताऱ्याच्या घाटात दरीत कोसळून जीवितहानी झाली. जानेवारीत सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो. चौविहार पाळणाऱ्याला ही वेळ पाठ असते, आणि तीच मोटारसायकल उभी करण्याची वेळ ठरवली तर वेगळ्या नियमाची गरज राहत नाही. सूर्योदयानंतर निघणारा दुपारच्या आत आरामात पोहोचतो. मुक्कामाच्या ठिकाणी सायंकाळचे जेवण पाचपर्यंत हवे आणि कांदा-लसूण, कंदमूळ नको, हे आदल्या दिवशीच दूरध्वनीवर सांगून ठेवावे. शिरस्त्राण चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे आहे. विम्याचे कागद पाहताना केवळ ‘थर्ड पार्टी’वर समाधान मानू नये, मालक-चालकासाठी पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण त्यात आहे का आणि त्याची मुदत चालू आहे का, एवढे तपासावे. पुष्कळ पॉलिसींत वाहनाचा विमा पाच वर्षांचा असतो आणि हे संरक्षण मात्र एकाच वर्षाचे. पहिले वर्ष उलटले की ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

परतताना डबे मागच्या सीटवर दोरीने आवळू नयेत. घाटातल्या धक्क्यांनी खालचा थर वणीपर्यंतच पाणी सोडतो. पाठीवरच्या पिशवीत, मध्ये टॉवेल घालून, एकावर एक दोनच डबे ठेवावेत आणि रविवारी दुपारी तीनच्या आत हातगड सोडावे. म्हणजे दिंडोरीच्या बागांतून घरी परतणारे मजूर, त्यांच्या जीपगाड्या आणि बैलगाड्या रस्त्यावर येण्याआधी म्हसरूळ गाठता येते.