चहा-फराळाचा हुकूम

जुलै 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी विभक्त पित्याला मुलीच्या भेटीची वेळ ठरवून दिली, आणि वर ‘अतिथी देवो भव’चा दाखला देत त्याला चहा-फराळ द्यावा, असे आईला बजावले. आईवडिलांतला कडवटपणा मुलांना बोचतो, हे कोण नाकारेल? पण अगत्य हुकमाने येत नाही. शिवाय पाहुणचाराचा भार आईवरच का? खंडपीठाने पुढे तो आदेश रद्द केला. पती-पत्नींनी एकमेकांशी कसे वागावे, हा त्या वादाचा विषयच नव्हता. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 चे कलम 13 मुलाचे कल्याण सर्वोपरी मानते. म्हणजे भेट ही पित्यावरची मेहरबानी नव्हे, मुलाची गरज आहे, आणि तिला वेळ, जागा व नेमकेपणा लागतो. ‘पाच वर्षांखालील मूल आईकडेच’ असे म्हणणारे कलम 6 मधला ‘सामान्यतः’ हा शब्द विसरतात. संयुक्त ताब्याची तरतूद कायद्यात करावी, ही शिफारस विधी आयोगाने 2015 च्या 257 व्या अहवालातच केली आहे.