'उत्पत्ती'मधील चार क्रियापदे आणि कॅथलिक पर्यावरणविचार

इ. स. १९६७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिन व्हाइट या मध्ययुगाच्या इतिहासकाराने असे प्रतिपादन केले, की निसर्गाच्या दुरवस्थेची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेच्या मानवकेंद्री दृष्टीत आहेत. या आरोपाचा मुख्य आधार 'उत्पत्ती' १:२८ हे वचन होय. तेथे मानवास पृथ्वी अंकित करण्याची आणि प्राणिमात्रावर सत्ता चालविण्याची आज्ञा आहे. मूळ हिब्रूतील क्रियापदे 'काबश' व 'रादा' ही आहेत.

ही क्रियापदे मूळची सौम्यच होती, असे काही समर्थक सांगतात. परंतु भाषाशास्त्राच्या दृष्टीने ते टिकणारे नाही. 'काबश' हे क्रियापद 'यहोशवा'च्या ग्रंथात जिंकलेल्या देशाविषयी, तर 'नहेम्या'च्या ग्रंथात मुलामुलींना दास्यात ढकलण्याविषयी आले आहे. तेव्हा व्हाइट यांच्या आक्षेपाचे उत्तर या शब्दांत नव्हे, अन्यत्र शोधले पाहिजे.

ते 'उत्पत्ती' २:१५ मध्ये सापडते. मानवास बागेत ठेवले ते 'आबद' व 'शामर' या दोन कामांसाठी. पैकी 'आबद' म्हणजे जमीन कसणे. पण त्याच धातूचा अर्थ सेवा करणे, उपासना करणे असाही आहे. आपल्याला परिचित असलेला अरबी 'इबादत' हा शब्द याच धातूचा सगोत्र होय. 'शामर' म्हणजे राखणे. कळप राखणे, ईश्वराची आज्ञा पाळणे, दोहोंसाठी तेच क्रियापद. आणि 'मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय?' या काइनाच्या प्रश्नातही तेच. संत जेरोमच्या लॅटिन अनुवादात 'आबद'साठी केवळ 'काम करणे' या अर्थाचे क्रियापद आले आणि सेवेचा ध्वनी पुष्कळसा लोपला.

तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'लाउदातो सी' या परिपत्राच्या ६७ व्या परिच्छेदात नेमकी हीच दोन वचने परस्परांसमोर ठेवली आहेत. ख्रिस्ती लोकांनी कधीकधी शास्त्राचा चुकीचा अर्थ लावला, अशी कबुली तेथे आहे. आणि सत्तेच्या आज्ञेतून निरंकुश स्वामित्व निष्पन्न होत नाही, असा निर्णयही आहे. पहिल्या वचनाचा कठोरपणा नाकारण्याऐवजी दुसऱ्या वचनाने त्याला मर्यादा घालण्याची ही पद्धत प्रस्तुत लेखकास अधिक प्रामाणिक वाटते. पुढे २१७ व्या परिच्छेदात सृष्टीचे रक्षण हे ख्रिस्ती जीवनाचे ऐच्छिक वा दुय्यम अंग नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. १ सप्टेंबर २०१६ च्या संदेशात तर सृष्टीची जोपासना परंपरागत दयाकृत्यांच्या यादीत समाविष्ट करावी, असे त्यांनी सुचविले. भुकेल्यास अन्न देणे, रुग्णाची भेट घेणे यांच्या पंक्तीस ती आली.

मराठी अनुवादकापुढे येथे एक अडचण उभी राहते. 'शामर'ला 'पाळणे' हा शब्द चांगला जुळतो, कारण आपण गुरेही पाळतो आणि आज्ञाही. 'आबद'साठी मात्र 'मशागत' म्हणावे तर सेवा सुटते, आणि 'सेवा' म्हणावे तर नांगर सुटतो.