आधी उंची, मग चाकं
लेखमाला: गाडीच्या पोटातून – भाग ७

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. गेल्या रविवारी सकाळी मी आणि माझा भाचा टेप, एक सरळ फळी आणि गवंड्याची पाणसळ घेऊन त्याच्यापाशी उकिडवे बसलो होतो. दूध घेऊन परतणारे एक काका थांबले. “महापालिकेतून आलात का? खड्डा पुढे आहे.”

उंची भरली दहा सेंटिमीटर, रुंदी साठ. हे दोन आकडे भाच्याने वहीत लिहून घेतले, पण चेहरा असा की मामाच्या खुळापायी रविवार वाया चाललाय. त्याची २०१८ ची स्विफ्ट. तिला शोभतील म्हणून त्याने चार सतरा इंची अलॉय आधीच घेऊन ठेवले होते, आणि माझ्याकडे प्रश्न घेऊन आला होता की “मामा, आता गाडी किती खाली बसवू?” बहुतेक सगळे याच क्रमाने जातात. आधी चाकं आवडतात, मग चाक आणि कमान यांच्यातली फट खुपायला लागते, मग स्प्रिंग येतात आणि शेवटी आवाज येतो. माझं म्हणणं असं की सुरुवात त्या गतिरोधकापासून करावी.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत गतिरोधकाचं माप दिलेलं आहे: सतरा मीटर त्रिज्येचा गोलाकार उंचवटा, रुंदी ३.७ मीटर, उंची दहा सेंटिमीटर. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.४५ मीटर, म्हणजे गाडी मधोमध आली की चारही चाकं त्या उंचवट्यावरच असतात. हिशेब केला तर पोटाखालची फक्त ४४ मिलिमीटर जागा खर्च होते. आमच्या गल्लीतला उंचवटा उंचीला अगदी नियमाबरहुकूम आहे. रुंदी मात्र साठ सेंटिमीटर. पुढची चाकं पलीकडे सपाट रस्त्यावर, मागची अलीकडे सपाट रस्त्यावर आणि मधे अख्खे १०० मिलिमीटर पोटाखाली. उंची तीच, पण गाडीच्या पोटाला लागणारी जागा दुपटीहून जास्त. ज्याने तो बांधला त्याने अर्धंच पान वाचलं असावं.

बेसमेंट पार्किंगचा उतारही असाच फसवतो. आठास एक असा चढ, वरच्या टोकाला गोलाई न देता थेट सपाट जमिनीला जोडलेला असेल, तर त्या काठावर याच गाडीच्या पोटाखालची सुमारे ७६ मिलिमीटर जागा जाते. नियमातल्या गतिरोधकापेक्षा बरीच जास्त.

आता गाडीकडे. कंपनी सांगते ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर. हा आकडा रिकाम्या गाडीचा. आम्ही भाच्याचे तीन मित्र बोलावले, चौघांना गाडीत बसवलं आणि मी खाली आडवा होऊन टेप लावला. पोटाखालची जागा ३५ मिलिमीटरने कमी झाली होती. राहिले १२८. गल्लीतला उंचवटा शंभराचा, म्हणजे कंपनीच्या उंचीवर भरलेली गाडी २८ मिलिमीटर राखून निघते. भाच्याच्या मनात होते चाळीस मिलिमीटर खाली नेणारे स्प्रिंग. १२८ वजा ४० म्हणजे ८८. वहीतल्या शंभराकडे त्याने एकदा पाहिलं आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं. कडक स्प्रिंग वजनाखाली कमी दबतात, त्यामुळे तीन-चार मिलिमीटर परत मिळतील. तरीही सायलेन्सरची नळी घासणारच. “मागच्यांनी उतरा रे” हे वाक्य दर वळणावर म्हणायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरी मर्यादा स्प्रिंगच्या प्रवासाची. मागच्या भागात बंप स्टॉप पाहिला होता, शॉकअपच्या दांड्यावरचा तो रबरी डोला. गाडी खाली बसवली की चाक आणि हा डोला यांच्यातलं अंतर तेवढंच घटतं. समजा वरचा प्रवास ८० मिलिमीटर होता आणि तुम्ही ४० खाली आलात, तर उरला निम्मा. तोच धक्का निम्म्या अंतरात पचवायचा तर, नुसता कागदी हिशेब धरला तरी, स्प्रिंग चौपट कडक लागेल. चौपट कडक स्प्रिंग कोणी घालत नाही. म्हणून खाली बसवलेल्या बऱ्याच गाड्या खड्ड्यात थेट डोल्यावर आदळतात आणि मालक त्यालाच ‘स्पोर्टी राइड’ म्हणतो. कंपनीचेच स्प्रिंग ग्राइंडरने कापून घेणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं! कापलेला स्प्रिंग थोडा कडक होतो हे खरं, पण त्याचं टोक कपात नीट बसत नाही, आणि चाक हवेत लोंबलं की तो जागेवरून सुटू शकतो.

आणखी एक गोष्ट विचित्र वाटेल. पुढच्या सस्पेन्शनचा खालचा आर्म जमिनीला साधारण समांतर असतो. गाडी फार खाली गेली की त्याचं चाकाकडचं टोक वर उचललं जातं, आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीपेक्षाही जास्त खाली घसरतो. परिणामी गाडी बुटकी होऊनही वळणावर जास्त कलायला बघते. थोडं खाली बसवणं फायद्याचं आणि फार खाली तोट्याचं, ते या आर्ममुळे.

फार खाली जाण्यावर कॅलिफोर्नियाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस कायदाच केला होता. गाडीचा कुठलाही भाग रिमच्या तळापेक्षा खाली लोंबता कामा नये. रोख लोरायडरवाल्या, म्हणजे गाड्या मुद्दाम जमिनीलगत बसवणाऱ्या, मेक्सिकन-अमेरिकन पोरांवर होता, आणि रॉन अगिरे नावाच्या एकाने १९५९ मध्ये विमानाचे हायड्रॉलिक सुटे भाग आपल्या कॉर्व्हेटला जोडून गाडी बटणावर खाली-वर करून दाखवली. पोलीस दिसले की वर! तो कायदा नंतर रद्द झाला, पण त्यातली रेघ कामाची आहे. टायर अचानक बसला तरी गाडी रिमवर टेकावी, इंजिनाच्या तेलपात्रावर नाही.

उंची ठरली की चाक निवडणं बरंचसं आकडेमोडीचं काम उरतं. मोठी रिम घातली की गाडी उंच होते हा गैरसमज आधी काढू. स्विफ्ट दोन मापांत येत असे, १६५/८० आर १४ आणि १८५/६५ आर १५. पहिल्या टायरचा बाहेरचा व्यास भरतो ६१९.६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५. रिम इंचाने वाढली, टायर बुटका झाला, बाहेरचं वर्तुळ जवळपास तेच राहिलं. याच चालीने १९५/५५ आर १६ चा व्यास ६२०.९ येतो, उत्तम. भाच्याचं २०५/४५ आर १७ येतं ६१६.३ वर. तेही चालण्यासारखं, पण टायरच्या भिंतीची उंची बघा: पंधरा इंचीला १२० मिलिमीटर, सोळाला १०७, सतराला ९२. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्याची कड रिमपर्यंत पोचायला जितकं कमी अंतर, तितका रिम वाकण्याचा धोका जास्त. पुण्यात जुलैत रिम सरळ करून देणाऱ्यांकडे जाऊन बघा, कुठल्या मापाची रांग लागते ते.

मग येतो ऑफसेट, म्हणजे रिमवर कोरलेला ‘ईटी’. हब जिथे टेकतो ती पातळी रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, ते हा आकडा सांगतो. आकडा कमी तितकं चाक बाहेर. समजा जुनी रिम ६ इंच रुंद, ईटी ४५ होती आणि नवी ७ इंच, ईटी ३५ आहे. रुंदी एक इंचाने वाढली, त्यातले १२.७ मिलिमीटर बाहेर गेले आणि १२.७ आत. ऑफसेटने सगळं चाक १० मिलिमीटर बाहेर ढकललं. बाहेरची कड एकूण २२.७ मिलिमीटर बाहेर, आतली फक्त २.७ आत. दुकानदार “इंचाचाच फरक आहे” म्हणतो तेव्हा कमानीच्या बाजूने हा फरक जवळपास इंचभरच असतो, अर्धा नव्हे.

स्विफ्टमध्ये हा प्रश्न मागे जास्त अडतो. पुढची चाकं गाडी खाली गेल्यावर वरच्या बाजूने थोडी आत झुकतात, म्हणून कमानीत शिरताना वाट मिळते. मागचा टॉर्शन बीम चाकाला तसं झुकू देत नाही. ते सरळ वर येतं आणि कमानीच्या दुमडलेल्या पत्र्याला भिडतं. आम्ही त्या दुमडीवर शेजारच्या मुलीची खेळायची माती चिकटवली, एक नवं चाक टायरसकट मागे बसवलं, पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक फळ्यांवर चढवलं आणि चौघांना पुन्हा आत बसवलं. मातीवर टायरच्या खांद्याची नक्षी लख्ख उमटली. गाडी तेव्हा कंपनीच्याच उंचीवर होती.

बाकीच्या गोष्टी दुकानात पाच मिनिटांत तपासता येतात. सुझुकीच्या हबचा मधला डोला ५४.१ मिलिमीटरचा. बाजारातल्या रिमचं भोक सहसा मोठं असतं, तेव्हा मधली रिंग मागून घ्यावी, नाहीतर ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंगवाल्याला उगाच शिव्या बसतात. नटचे आटे सुझुकीचे १.२५ पिचचे, होंडा-टोयोटाचे १.५. चुकीचा नट दोन फेरे जातो, मग पाना लावून रेटला की स्टड गेला. रिमच्या पाठीवर किती किलो भार चालतो ते कोरलेलं असावं, नसेल तर ती भिंतीवर टांगावी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला निकालही फेरफार करण्याआधी वाचावा, आणि विमा कंपनीला कळवावं.

भाच्याने सतरा इंची रिम थोडं नुकसान सोसून विकल्या. १९५/५५ आर १६ घेतले, ऑफसेट कंपनीच्या जवळपासचा, आणि उंची फिरवून जुळवता येणारे कॉइलओव्हर बसवून गाडी वीस मिलिमीटरच खाली आणली. चौघांसकट पोटाखाली ११० भरले, उंचवट्यावर एक सेंटिमीटर शिल्लक. पहिल्या दिवशी माझी बहीण मागे बसली होती. गल्लीच्या तोंडाशी त्याने गाडी पहिल्या गिअरवर मुंगीच्या चालीने पार केली, कुठेही काही घासलं नाही, आणि तो विजयी मुद्रेने मागे वळला.

“काय रे,” बहीण म्हणाली, “गाडीला काहीतरी करणार होतास ना? कधी करतोयस?”