जपानी ताटांतील न दिसणारा मासा

मंडळी जमवून परदेशच्या प्रवासास निघण्याची रीत आतां महाराष्ट्रांतील मध्यमवर्गाच्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. अशा मंडळीबरोबर कित्येकदां स्वतःचा आचारीहि असतो, आणि क्योटोसारख्या नगरींतहि रात्रीं वरणभात पानांत पडतो. सोय मोठी खरी. परंतु ज्या देशीं गेलें त्याचें अन्न जिभेलाहि न लावतां परतावें, हें कांहीं प्रवासाचें सार्थक नव्हे. मात्र शाकाहाराचा नेम पाळणाऱ्यास तेथील पदार्थ चाखतांना एक अडचण पडते, आणि ती मोठी सूक्ष्म आहे.

डोळ्यांना दिसणारा मासा टाळतां येतो. जपानी पाकशास्त्राचा पाया मात्र न दिसणारा आहे. त्याचें नांव दाशी. कोम्बु नांवाचें वाळविलेलें समुद्रशैवाल पाण्यांत मंद आंचेवर तापवितात. मग कात्सुओबुशी, म्हणजे उकडून, धुरी देऊन लांकडासारखा कठीण केलेला मासा, त्याचे पातळ काप त्यांत टाकून लागलीच गाळून घेतात. हा अर्क मिसोच्या कढणांत असतो, सोबा व उदोन या शेवयांच्या रश्श्यांत असतो. फार काय, साध्या उकडलेल्या भाजींतहि असतो. वाढणारी बाई ‘यांत मांस नाहीं’ म्हणते तेव्हां ती खोटें बोलत नसते. विचारणाराचा प्रश्नच चुकलेला असतो. ‘दाशी कशाची?’ असें विचारलें पाहिजे.

या अर्काच्या रुचीचा छडा टोकियो येथील विद्यापीठांतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनीं १९०८ सालीं लावला. कोम्बूंतील ग्लुटामेट हें तिचें मूळ, असें दाखवून त्यांनीं तिला ‘उमामी’ हें नांव दिलें. आयुर्वेदाच्या षड्रसांत हिला जागा नाहीं; तथापि पिकल्या टोमॅटोंतहि हें द्रव्य असल्यामुळें, टोमॅटोच्या सारावर वाढलेल्या जिभेस ती अगदींच परकी वाटावयाची नाहीं. माशांतील इनोसिनेट त्यास मिळालें कीं रुचि कितीतरी पटींनीं वाढते. सुदैवानें वाळविलेल्या शिइताके अळिंब्यांतील ग्वानिलेटहि तेंच काम करतें, आणि मठांतील आचाऱ्यांनीं रसायनशास्त्राची वाट न पाहतां ही युक्ति केव्हांच साधली होती.

या मठांतील स्वयंपाकास शोजिन र्‍योरी म्हणतात. कूकाइ या आचार्यांस इ. स. ८१६ मध्यें सम्राटाकडून मिळालेल्या कोयासान पर्वतावर अनेक मठांत आजहि पाहुण्यांस उतरतां येतें व तें अन्न मिळतें. परंपरेनें त्यांत कांदा-लसूणहि वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या घरास याचें नवल नको! तेथील गोमा-दोफु नांवानें दोफु असला तरी त्यांत सोयाबीन नसतें. तीळ वाटून कुझु नांवाच्या कंदाच्या सत्त्वांत घोटतात, आणि त्याची घट्ट, खरवसासारखी वडी पडते. थिजवून वाळविलेला कोया-दोफु रश्श्यांत शिजला म्हणजे स्पंजासारखा रस धरतो. मंडळीस एक रात्र आचाऱ्यास सुटी द्यावयाची असेल, तर ती येथें द्यावी.

मंडळींत एकमेकांचा पदार्थ चाखण्याची हौस असावयाचीच. पण काड्यांनीं उचललेला घास दुसऱ्याच्या काड्यांत कधींहि देऊं नये. दहनानंतर मृताच्या अस्थि आप्तजन काड्यांनींच उचलतात व एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत देतात. घास लहान बशींत ठेवावा आणि बशी पुढें सरकवावी.