घरच्या टाकीत जेलीफिश: हौस, पाणी आणि आरोग्य

मोबाइलवर निळ्या प्रकाशात तरंगणाऱ्या जेलीफिशचा व्हिडिओ पाहिला की मत्स्यपालनाची हौस असलेल्या माणसाच्या मनात हमखास एक प्रश्न येतो. घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, म्हणजे प्रवाळ आणि रंगीत मासे असलेल्या ‘रीफ टँक’मध्ये, हा प्राणी ठेवता येईल का? समुद्रापासून दूर असलेल्या मनमाडमध्येही असा प्रश्न पडणारे लोक आहेत. त्याचे थोडक्यात उत्तर ‘नाही’ असे आहे. जेलीफिशसाठी स्वतंत्र टाकी करता येते, पण तिची किंमत फक्त पैशांत मोजता येत नाही.

नावात ‘फिश’ असले तरी जेलीफिश मासा नव्हे. तिच्या शरीरात सुमारे ९५ टक्के पाणीच असते. मेंदू, हृदय, हाडे यांपैकी तिला काहीच नसते. छत्रीसारखे अंग आकसून ती थोडीफार पोहते, पण मुख्यतः प्रवाह नेईल तिकडे जाते. रीफ टँकमध्ये नेमके हेच तिच्या जिवावर बेतते. खडकांच्या टोकदार कडांनी तिचे अंग फाटते. पंप तिला आत ओढून घेतो. हवेचे बुडबुडे छत्रीखाली अडकून भोके पाडतात. मासे तिचे लचके तोडतात, प्रवाळ तिला डंख मारतात आणि तिच्या डंखाने लहान मासेही मरू शकतात.

म्हणून जेलीफिशसाठी ‘क्रायझेल’ नावाची गोल टाकी वापरतात. जर्मन भाषेत क्रायझेल म्हणजे भोवरा. या टाकीत पाणी संथपणे गोल फिरत राहते, त्यामुळे प्राणी तळाशी बसत नाही आणि काचेवर आपटत नाही. वुल्फ ग्रेव्ह या जर्मन शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात समुद्रातले सूक्ष्म जीव जगवण्यासाठी अशी टाकी बनवली. पुढे मोठ्या मत्स्यालयांनी ती जेलीफिशसाठी वापरली. तिथेही रोज आर्टेमिया या छोट्या कोळंबीवर्गीय जीवाची ताजी पिल्ले खाऊ घालावी लागतात. उरलेले अन्न कुजले की पाण्यात अमोनिया वाढतो आणि काही दिवसांत टाकी रिकामी होते.

‘कॅसिओपिया’ नावाची एक जात त्यातल्या त्यात चिवट आहे. ती उलटी होऊन तळाशी पडून राहते. तिच्या अंगातले शेवाळ प्रकाशावर अन्न तयार करते आणि कोमट पाणीही तिला चालते. मात्र तीसुद्धा प्रवाळांच्या टाकीत नको, कारण ती डंखपेशींचे सूक्ष्म गोळे असलेला चिकट स्राव पाण्यात सोडते. या गोळ्यांचे वर्णन शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये केले. तिला स्पर्श न करताही, नुसता पाण्यात हात घातला तरी, खाज आणि जळजळ होऊ शकते.

आता कायद्याचे पाहू. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे. वाघाला आहे तसे संरक्षण त्यांना आहे. तेव्हा आपल्या समुद्रातून काढलेला प्रवाळाचा तुकडा दुकानात मिळाला तरी तो घरी आणणे हा गुन्हा आहे.

त्यानंतर येतो पाण्याचा हिशोब. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे २०० लिटरच्या टाकीला सुरुवातीलाच सात किलो मीठ लागते, तेही समुद्री टाकीसाठी बनवलेले खास मीठ. दर आठवड्याला वीस टक्के पाणी बदलायचे तर ४० लिटर शुद्ध पाणी हवे. घरगुती आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन ते तीन लिटर पाणी बाहेर टाकते. म्हणजे आठवड्याला १२० ते १६० लिटर पाणी एका टाकीपायी खर्ची पडते. वाघदर्डी धरण आटले की पालखेडच्या आवर्तनाकडे डोळे लावणाऱ्या आणि नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी येण्याचे अनेक उन्हाळे सोसलेल्या गावात हा आकडा लहान नाही. शिवाय सर्वत्र पाळल्या जाणाऱ्या ‘मून जेलीफिश’ला साधारण २० अंशांचे पाणी मानवते. बाहेर पारा चाळिशीपार असताना पाणी थंड करणारे यंत्र अखंड चालावे लागते. वीज चार तास गेली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

डॉक्टर म्हणून मला तीन गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात.

पहिली म्हणजे डंख आणि ॲलर्जी. १९०१ मध्ये मोनॅकोच्या राजपुत्राच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी ‘फायसेलिया’ या जेलीफिशच्या नातलगाच्या विषाचा अभ्यास सुरू केला. पावसाळ्यात जुहू-गिरगावला वाहून येणारी निळी ‘ब्लू बॉटल’ ती हीच. पुढे समुद्रफुलाच्या विषावर प्रयोग करताना त्यांच्या लक्षात आले, की पहिल्या मात्रेतून वाचलेला कुत्रा काही आठवड्यांनी अगदी अल्प मात्रेनेही काही मिनिटांत दगावतो. या प्रतिक्रियेला त्यांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले. रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले ते याच कामासाठी. आज पेनिसिलिनपासून मधमाशीच्या डंखापर्यंत आम्ही ज्या झटक्याची धास्ती घेतो, तो हाच. एकदा डंख बसून काही झाले नाही, म्हणजे पुढेही होणार नाही, असे समजू नये.

कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या किनाऱ्यावर डंख बसला तर जागा चोळू नका, वाळू घासू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका. लघवी लावणे हा निव्वळ गैरसमज आहे. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि चिकटलेले तंतू चिमट्याने काढा. त्यानंतर पोळणार नाही इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात तो भाग वीस मिनिटे बुडवून ठेवा. ब्लू बॉटलच्या वेदनेवर हा उपाय बर्फापेक्षा चांगला ठरला आहे. व्हिनेगर काही जातींवर उपयोगी पडते, तर काहींवर उलटे परिणाम करते. त्यामुळे जात ओळखता येत नसेल तर ते वापरू नका. दम लागणे, ओठ सुजणे, चक्कर येणे यांपैकी काहीही झाले तर थेट रुग्णालय गाठा.

दुसरी गोष्ट क्षयरोगाच्या जंतूचा भाऊबंद असलेल्या ‘मायकोबॅक्टेरियम मॅरिनम’ची. तो गोड्या आणि खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांच्या टाक्यांत राहू शकतो. हाताला जखम असताना टाकी साफ केली, की दोन-चार आठवड्यांनी बोटावर न दुखणारी गाठ येते आणि पुढे तशाच गाठी हातावर वर चढत जातात. बरेचदा लोक बुरशीचे मलम लावत महिने घालवतात. योग्य प्रतिजैविके काही महिने घ्यावी लागतात. डॉक्टरांना ‘घरी माशांची टाकी आहे’ एवढे सांगितले तरी निदान सोपे होते.

तिसरी गोष्ट ‘पॅलिटॉक्सिन’ची. रीफ टँकमधल्या बटणासारख्या दिसणाऱ्या काही झोअँथिड जीवांत हे अत्यंत जहाल विष असते. असा खडक घासला किंवा त्यावर उकळते पाणी ओतले तर ते हवेत मिसळते आणि घरातल्या सगळ्यांना ताप, खोकला, धाप लागू शकते. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये टाकीतले प्रवाळ साफ करताना असेच घडले आणि एका कुटुंबाला रुग्णालयात न्यावे लागले. म्हणून कोणतीही टाकी साफ करताना हातमोजे घाला, नळीने पाणी तोंडाने ओढू नका आणि विजेच्या जोडणीला गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसवून घ्या.

जेलीफिशचे कुतूहल मात्र जरूर असावे. गोड्या पाण्यातल्या जेलीफिशचा एक प्रकार पूर्वी आफ्रिकेतच माहीत होता. मालवणात जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना तशी जेलीफिश विसाव्या शतकाच्या आरंभी सह्याद्रीत सापडली आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. पुण्यातली आघारकर संशोधन संस्था त्यांच्याच नावाची.  त्यांनी ती जिथे राहते तिथे जाऊन पाहिली.

आणि मासे पाळायचेच असतील तर गप्पी आहेत. पाणी उशिरा येते म्हणून आपण ते साठवतो आणि त्या स्वच्छ साठ्यातच डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो. गप्पी त्याच्या अळ्या आवडीने खातात. हिवताप विभाग ते देतो. पिण्याचे पाणी वगळून वापराच्या हौदात ते सोडावेत, नदी-नाल्यात मात्र सोडू नयेत. बाकी पिंप झाकून ठेवावेत आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडे करावेत. गप्पी दिसायला जेलीफिशइतके देखणे नाहीत, पण मनमाडच्या पाण्यात ते जगतात आणि घरातल्या माणसांना डेंग्यूपासून वाचवायला मदतही करतात.